कुशाबा धनावड्याचा फॉल्ट रिपोर्ट

मागल्या दिवाळीनंतर घोडपदेवच्या आमच्या चाळीत एक बातमी या कानातून त्या कानात फिरत होती. कुशाबा धनावड्यानं सत्तराव्या वर्षी बाहेर एक बाई धरली आहे. पहिल्या मजल्यावरून बातमी निघाली तेव्हा ती नुसती बाई होती. दुसऱ्या मजल्यावर तिला नाव मिळालं, लक्ष्मी. तिसऱ्या मजल्यावर पोचेस्तोवर ती विधवा झाली होती, पुण्यात तिचा स्वतःचा ब्लॉक झाला होता आणि माघी गणपती उरकले की कुशाबा गाठोडं बांधून तिच्याकडे जाणार, हेही ठरलं होतं.

पहिल्या मजल्यावर नेमक्या कुठल्या खोलीतून बातमी निघाली ते विचारू नका. मी पहिल्या मजल्यावर राहतो, एवढंच सांगतो.

कुशाबा आणि मी एकाच गिरणीतले. तो साचेखात्यात फिटर, म्हणजे माग, आमच्या भाषेत साचा, बिघडला की दुरुस्त करणारा. मी टाइम ऑफिसात. कोण किती मिनिटं उशिरा आला ते टिपून ठेवणारा. लोकांच्या भानगडीत लक्ष घालायचा मला तेव्हा पगार मिळायचा, आता मी ते फुकट करतो. गिरणी बंद झाली तरी कुशाबाचे हात काही बंद पडले नाहीत. चाळीतला मिक्सर असो, पंखा असो, शिलाई मशीन असो, आधी तो त्याला कान लावणार, मग डोळे मिटणार आणि मग सांगणार, "डाव्या अंगाचं बुश गेलंय." आणि गेलेलं असायचंच. मालनवहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, "पन्नास वर्षं संसार केला, माझ्या छातीला कधी कान लावला नाय मेल्यानं. फ्रिजला रोज लावतो."

एक गोष्ट मात्र त्याच्या बाबतीत सगळी गिरणी जाणून होती. साचा मोडला की फिटरनं फॉल्ट रिपोर्ट लिहायचा: काय मोडलं, कशानं मोडलं. बाकीचे फिटर डोळे झाकून 'पार्ट जुना' लिहून मोकळे व्हायचे. कुशाबानं एकदा लिहिलं, 'नट मी सैल ठेवला. चूक माझी.' तीन दिवस घरी बसवला त्याला. खात्याचा साहेब कळवळून म्हणाला, "अरे धनावडे, पार्ट जुना लिहिलं असतंस तर काय बिघडलं असतं?" तर हा म्हणतो, "पार्ट नवा होता, साहेब."

असा हा माणूस. आणि असल्या माणसाच्या घरात सून आली ती धनुष्यबाण घेऊन.

मेघना, त्याच्या मुलाची, स्वप्नीलची बायको. महापालिकेच्या शाळेत खेळाची शिक्षिका. कॉलेजपासून तिरंदाजी करते, दादरला मैदानाच्या कोपऱ्यात एक वर्ग चालतो तिथे. लग्नाच्या आधी चार वर्षं पैसे साठवून तिनं स्वतःचं धनुष्य घेतलं. लग्नानंतर पहिल्यांदा ती लांबलचक काळी पेटी खांद्याला लावून जिना चढली, तेव्हा समोरच्या कांताबाईंनी मला विचारलं होतं, "भावजी, सून गाणारी केली की काय धनावड्यांनी?"

ते धनुष्य म्हणजे रामाच्या फोटोतलं नव्हे. वर एक चाक, खाली एक चाक, मध्ये दोऱ्या आणि केबली यांचं जाळं. आधी जड ओढायचं, मग चाकं फिरली की एकदम हलकं होतं, आणि नेम धरेपर्यंत हात थरथरत नाही. शिवाय ते ज्याच्या त्याच्या हाताच्या मापानं लावलेलं असतं. पायातल्या चपलेसारखं, दुसऱ्याचं घालून पळता येत नाही. मेघनानं पहिल्या दिवशी ते उघडून दाखवलं. मालनवहिनी दोन पावलं मागे सरली. कुशाबा मात्र खाली वाकला, एका बोटानं चाक जरासं हलवलं आणि म्हणाला, "पोरी, ह्याला धनुष्य कोण म्हणतं? हा तर साचा आहे."

सासरा-सुनेचं तिथेच जमलं. मुलगी झाली तेव्हा दोन वर्षं धनुष्य पेटीत पडून होतं. मागल्या वर्षी मेघनानं ते पुन्हा बाहेर काढलं आणि एकच गोष्ट मनात धरली: नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी राज्याच्या संघाची निवड आहे, तिथे उतरायचं. याआधी दोनदा ती थोडक्यात राहिली होती. पहाटे उठून पोळ्या लाटायची, शाळा करायची, शाळेतून परस्पर मैदानात जायची. मुलीला सांभाळायला कुशाबा.

मग आली खंडेनवमी.

गिरणीत त्या दिवशी काय थाट असायचा ते गिरणीवाल्यांनाच ठाऊक. साचे धुऊन पुसून तेल पाजून लख्ख करायचे, झेंडूच्या माळा घालायच्या, हळदकुंकू, अक्षता, नारळ. त्या दिवशी यंत्राला चालवायचं नाही, त्याला विश्रांती. गिरणी गेली, कुशाबानं रिवाज सोडला नाही. दरवर्षी पाटावर पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर आणि मालनवहिनीची विळी मांडून पूजा करतो. त्या वर्षी मेघना शाळेत गेल्यावर त्यानं पेटी उघडली. धनुष्य भिंतीला टेकवून पाटावर उभं केलं. वरच्या चाकाच्या पिनेत मशीनचं तेल सोडलं, दोन थेंब. मग हळद, मग कुंकू, आणि कुंकू सढळ हातानं; कारण घरातलं ते एकच हत्यार खरंखुरं हत्यार होतं. अक्षता टाकल्या, झेंडू वाहिला, नमस्कार केला. संध्याकाळी पुसून जागच्या जागी ठेवलं.

दिवाळी झाली आणि धनुष्य कुरकुरायला लागलं. बाण वीतभर डावीकडे जायला लागले. मेघनाचे प्रशिक्षक, अभय सर, त्यांनी चाक धरून हलवलं तर ते पिनेवर लडबडत होतं. "बेअरिंग झिजलंय. केबल सरकते तो तुकडापण खाल्ला गेलाय. असं ओढत राहिलीस तर तुटेल कधीतरी तोंडावर. पहिल्या मालकाला पाच वर्षं वॉरंटी आहे ना? मग थांबू नकोस, पाठव."

मेघनाचा दिवस शाळेत जातो. ती कुशाबाला म्हणाली, "बाबा, तुम्हीच कराल का हे? पुण्याला त्यांचं दुरुस्ती केंद्र आहे. फोन करायचा, फॉर्म भरायचा, कुरियरनं पाठवायचं. तुमच्यापेक्षा नीट कोण सांगणार त्यांना काय बिघडलंय ते?"

कुशाबा छाती फुगवून हो म्हणाला. स्वप्नीलनं फॉर्म छापून आणला. कुशाबा चष्मा लावून बसला. नाव, पत्ता, नंबर, खरेदीची तारीख, सगळं झालं. मग आला सातवा रकाना. 'कंपनीने न सुचवलेले तेल किंवा अन्य पदार्थ हलत्या भागांना लावला आहे काय? हो / नाही.' आणि खाली बारीक अक्षरात, हो असल्यास वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

कुशाबाचं पेन तिथेच थांबलं. तेल आणि कुंकू एकत्र आलं की त्याचा काय लगदा होतो आणि तो लगदा लोखंडाला कसा खातो, हे चाळीतल्या दुसऱ्या कोणाला नाही तरी फिटरला कळणारच. सुनेचं धनुष्य आपण मारलं. आता 'हो' लिहावं तर दुरुस्ती गेली, तिची निवड गेली. 'नाही' लिहावं तर… खोटं जन्मात लिहिलं नव्हतं.

त्यानं फॉर्म उशीखाली ठेवला, दुपारी तीन वाजता मोबाइल घेऊन गच्चीवर गेला आणि पुण्याला फोन लावला. उचलला तो लक्ष्मी नावाच्या बाईनं.

"समजा," कुशाबा म्हणाला, "समजा हां, एखाद्यानं खंडेनवमीला पूजा केली धनुष्याची. तर?"

"एखाद्यानं म्हणजे तुम्हीच ना, काका?"

कुशाबानं फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी तीनला परत लावला. "समजा तेल दोनच थेंब असलं तर?" तिसऱ्या दिवशी, "समजा कुंकू घरी कुटलेलं असलं, भेसळ नसलेलं?" ती बिचारी काय सांगणार? तिचं एकच उत्तर. "काका, खरं काय ते लिहा. ठरवणार वर्कशॉप, मी नाही." पण तिनं एकदाही त्याला झटकलं नाही. रोज एकेक काम करून घेतलं त्याच्याकडून: आज नंबरचा फोटो, उद्या बिलाचा, परवा दोन्ही चाकांचा. सगळा कागद तयार झाला, सातवा रकाना तेवढा कोरा.

घरी मेघना रोज विचारायची, "बाबा, काय म्हणाले?"

"प्रोसेस चालू आहे," कुशाबा सांगायचा. हा शब्द त्यानं बँकेत ऐकला होता. रोज तो म्हणायचा आणि रोज ताटावरून अर्ध्यात उठायचा.

असे अकरा दिवस गेले. मी त्या सुमारास वाळत घातलेले पापड राखायला गच्चीवर जात असे. पापड माझे नव्हते, पण कोणीतरी राखायला हवेत. पाण्याच्या टाकीमागून मी माझ्या कानांनी ऐकलं, कुशाबा गहिवरून म्हणत होता, "लक्ष्मीताई, घरात कळलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही हो." आता एवढं ऐकल्यावर माझ्यासारख्या माणसानं काय करावं? मी खाली गेलो आणि एकाच माणसाला सांगितलं. फक्त एकाला. कांताबाईंना.

अकराव्या दिवशी बातमी मालनवहिनींपर्यंत पोचली. दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी त्या गच्चीवर आल्या. गुडघे दुखतात म्हणून दोन वर्षं ज्या बाईनं गच्चीचा जिना चढला नव्हता, ती धापा टाकत वर आली. मी टाकीमागे पापडांसारखा पडून राहिलो.

"कोण ती?" वहिनी म्हणाल्या.

"कोण कोण?"

"आण तो फोन." त्यांनी फोन हिसकावला. "कोण गं तू? कुणाची कोण? लाज वाटते का म्हाताऱ्याला फशी पाडायला?"

फोनमधून आवाज आला, तो मलासुद्धा ऐकू आला. "मावशी, मी धनुष्याच्या सर्व्हिस सेंटरमधून बोलतेय. काकांना सांगा ना, सातवा रकाना भरा म्हणून. दिवस जातायत. तुमच्या सूनबाईंची निवड आहे ना?"

वहिनींनी फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे बघितलं. कुशाबा खाली बसला. पूजा, तेल, कुंकू, रकाना, सगळं एका दमात बोलला. बोलताना रडला. गिरणी बंद झाल्याची नोटीस वाचून जो रडला नव्हता, तो.

वहिनींनी पदरानं घाम पुसला. मला तर वाटतं, त्यांची थोडी निराशाच झाली. एवढा जिना चढून आल्या आणि निघालं काय, तर कुंकू. मग म्हणाल्या, "उठा. आज पोरगी घरी आली की सांगायचं. मी बसते शेजारी." आणि टाकीकडे न बघताच, "जगूभावजी, तुम्ही पण या बाहेर. उन्हानं पापड होईल तुमचा."

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलोच. बोलावलं नव्हतं. मेघना मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. कुशाबानं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "चूक माझी. आणि अकरा दिवस खोटं बोललो तीपण माझी."

मेघनानं मुलीला मांडीवरून खाली ठेवलं. मग म्हणाली, "बाबा, कुंकवाचं मला माहीत होतं."

"आँ?"

"दसऱ्याच्या सकाळीच दिसलं. वरच्या चाकात लाल-लाल. मी ब्रशनं झटकलं, जमेल तेवढं. बोलले नाही, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. माहेरी माझ्या धनुष्याला कोणी हात लावत नसे, बाबा. लफडं म्हणायचे. तुम्ही पाटावर मांडलंत." आणि मग जरा रागानं, "पण अकरा दिवस, बाबा! मी काय खाल्लं असतं का तुम्हाला? पंचवीस दिवस राहिलेत!"

तो राग कुशाबाला औषधासारखा लागू पडला. ओरडा बसला की फिटर माणूस जागा होतो. त्यानं डोळे पुसले, पेटी मागवली आणि भिंग काढलं. "खोलायचं नाही हां, बाबा," मेघना म्हणाली, "आपण खोललं तर वॉरंटी संपली." "खोलत नाय. बघतो." त्यानं वरच्या चाकाला कान लावून ते हळूच हलवलं. मग खालच्या चाकाला. मग परत वरच्या. डोळे मिटले.

"मेघना," तो म्हणाला, "खालचं चाक जास्त हलतंय."

"हो. मग?"

"अगं, पूजेच्या दिवशी खालचं चाक पाटावर टेकलेलं होतं. पाटावर डाग नको म्हणून मालननं त्याला जुन्या साडीचा तुकडा गुंडाळला होता. त्याला ना तेल लागलं, ना कुंकू. मग ते कशानं झिजलं?"

मालनवहिनी म्हणाल्या, "गुंडाळला होता खरा. हिरवा तुकडा. अजून तसाच आहे कपाटात."

कुशाबानं भिंगातून परत बघितलं. दोन्ही चाकं एकाच बाजूला कलत होती, एकाच मापानं. "पिनेचं भोक तिरपं पाडलंय," तो म्हणाला. "मुळातच. दोन वर्षं वापर नव्हता म्हणून कळलं नाय." पण मान लगेच खाली गेली. "माझ्या कुंकवानं वरच्याला हातभार लावला असेल. तेपण लिहायला हवं."

त्यानं सातव्या रकान्यात 'हो' वर खूण केली. सोबत एक कागद जोडला, गिरणीत लिहायचा तसाच, नीट अक्षरात. काय बिघडलं. कधीपासून. वरच्या चाकाला कोणी, कोणत्या दिवशी, काय लावलं. खालच्याला काय लावलं नाही आणि ते का माहीत आहे. खाली एक आकृती, तिरप्या भोकाची. मला वाचायला दिला. मी म्हटलं, "कुशा, कुंकवाची ओळ गाळ की. भोक तिरपं आहे एवढं पुरेसं आहे. कोण बघायला आलंय?"

"जग्या," तो म्हणाला, "तू लोकांची उशिरा आल्याची मिनिटं गाळायचास का?"

गाळत नव्हतो. कागद त्याला परत दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वप्नील पेटी कुरियरला देऊन आला. मग सुरू झालं वाट बघणं. मेघना रोज मैदानात जायची आणि रबराचा पट्टा ओढून नुसता हात चालू ठेवायची. मी बाई वगैरे गोष्टी मागे घ्यायला प्रत्येक मजल्यावर फिरलो; पण पसरवायला जेवढा वेळ लागला त्याच्या चौपट पुसायला लागला, आणि तिसऱ्या मजल्यावर तर कोणी ऐकूनच घेईना. त्यांना पुण्याचा ब्लॉक फार आवडला होता.

नवव्या दिवशी लक्ष्मीचा फोन आला. कुशाबानं स्पीकर लावला, खोलीत आम्ही सगळे.

"काका, वर्कशॉपनं दोन्ही चाकं उघडली. वरच्यात तुमचं कुंकू सापडलं."

कुशाबानं मान हलवली, जणू ती समोर बसली आहे.

"खालच्यात काही नव्हतं, आणि झीज त्यातच जास्त. पिनेची दोन्ही भोकं तिरपी आहेत, तुम्ही काढलंय अगदी तसंच. ती चूक आमच्याकडची. दोन्ही चाकं, बेअरिंगं, पिना आणि केबलचा तो तुकडा बदलून देतोय. दोरी तेवढी वॉरंटीत येत नाही, ती वापरानं झिजते, ती तुम्हाला घालावी लागेल."

मेघनानं मुलीला उचलून तिच्या गालात तोंड खुपसलं. वहिनी देवघराकडे वळल्या.

"आणि काका," लक्ष्मी म्हणाली, "आमच्या साहेबांनी विचारलंय, तुम्ही कुठल्या कंपनीत इंजिनिअर होता?"

कुशाबानं चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "सांगा, फिटर. साचेखातं."

"सांगते. आणि पुढच्या खंडेनवमीला कुंकू पेटीला लावा."

धनुष्य निवडीच्या पाच दिवस आधी आलं. अभय सरांनी नवी दोरी चढवली, माप लावलं, आणि मेघना शाळेची रजा टाकून मैदानात राहिली. निवडीच्या दिवशी आम्ही कोणी गेलो नाही. कुशाबा म्हणाला, तिकडे गेलो तर माझा कान त्या चाकाकडेच राहील. तो घरी बसून कांताबाईंचा मिक्सर खोलत होता. दुपारी स्वप्नीलचा फोन आला: मेघना यादीत चौथी. यादी चौघींचीच होती.

कुशाबानं पाना खाली ठेवला आणि हात जोडले. कुणाला ते मी विचारलं नाही, पण तोंड पुण्याच्या दिशेला होतं. त्या आठवड्यात मालनवहिनींनी लालबागला जाऊन मसाला कुटून आणला, नेहमीच्या मापापेक्षा एक किलो जास्त. तो डबलपिशवीत बांधून पुण्याला पाठवला. सोबत चिठ्ठी मेघनानं लिहिली, पण मजकूर वहिनींचा: 'त्या दिवशी गच्चीवरून बोलले ते मनावर घेऊ नकोस गं. मासळीला दोन चमचे पुरतो.' लक्ष्मीचं उत्तर आलं, आम्ही माळकरी, मासळी खात नाही, पण वांग्याला घातला तर वर्कशॉपमधले दोघं डबा मागून खातात.

मेघना जानेवारीत राज्याकडून खेळायला गेली. जाताना जिन्यात वाकून कुशाबाच्या पाया पडली. कुशाबा तिला म्हणाला, "बाणाशिवाय दोरी सोडू नकोस हां, रिकामी सुटली की धनुष्य फुटतं. तसं केलंस तर माझा रिपोर्टपण वाचवणार नाय."

आता ती अफवा. लक्ष्मी धनुष्याच्या कंपनीच्या पुण्यातल्या दुरुस्ती केंद्रात फोन घेण्याचं काम करते. कुशाबा तिच्याशी बोलला तो वॉरंटीबद्दल. ती दोघं एकमेकांना आजवर कधी भेटलेली नाहीत.